चिझवेल स्ट्रीटचं वळण

लंडनच्या मिनरीज भागात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बंदुका बनवणाऱ्यांची वस्ती होती. बंदुकीच्या घोड्याच्या पत्र्यावर आणि नळीवर वेलबुट्टी, नावं, कारखान्याच्या खुणा कोरून देणं हा तिथला जोडधंदा. विल्यम कॅझलन हा त्यातलाच एक कारागीर. वूस्टरशरमधल्या क्रॅडली गावात १६९२च्या सुमारास जन्मलेला, पोरवयातच लंडनला येऊन कोरक्याच्या हाताखाली उमेदवारी केलेला. स्वतःचं दुकान थाटल्यावर तो पुस्तकबांधणीवाल्यांसाठीही अक्षरं कोरून देऊ लागला. चामडी पुठ्ठ्याच्या पाठीवर सोनेरी नाव उमटवायला लागतात, तसली. अशाच एका पुस्तकाच्या पाठीवरची अक्षरं लंडनच्या काही छापखानेवाल्यांच्या डोळ्यांत भरली आणि त्यांनी कोरणाऱ्याचा पत्ता शोधून काढला. ज्या ओतशाळेचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, पुढे दोनशे वर्षं जगभर गेले, तिची सुरुवात इथून झाली.

विल्यम बोयर हा त्या छापखानेवाल्यांपैकी एक. त्याने कॅझलनला थॉमस जेम्सच्या टाइप फाउंड्रीत नेलं. कॅझलनने तोवर छपाईचे खिळे पाडताना कधी पाहिलं नव्हतं. सगळं दाखवून झाल्यावर बोयरने विचारलं, जमेल का? कॅझलनने विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ‘जमेल’ म्हणून कळवलं. त्यावर बोयर, जॉन वॉट्स आणि जेम्स बेटनहॅम यांनी मिळून ५०० पौंड त्याला उसने दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. खिळ्यांचा ‘ख’ माहीत नसलेल्या माणसावर तीन मुद्रकांनी ती लावली, याचं कारण त्यांच्या नडीत होतं.

इंग्लंडमध्ये चांगले खिळे मिळतच नव्हते. राजसत्तेला छापील शब्दाची भीती होती आणि १६३७च्या हुकुमाने देशभरात खिळे पाडणारे फक्त चार ठेवले होते. छपाईवरचे परवाने १६९५मध्ये संपले. छापखाने वाढले, पण अक्षर कोरणाऱ्यांची परंपरा मधल्या काळात खुरटली ती खुरटलीच. मग खिळे यायचे हॉलंडहून. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयासाठी डॉ. जॉन फेल यांनी सामग्री जमवली ती तिकडूनच, आणि ज्या थॉमस जेम्सच्या फाउंड्रीत बोयर कॅझलनला घेऊन गेला, तिथल्या मॅट्रिक्स, म्हणजे खिळे ओतायचे तांब्याचे साचे, त्यासुद्धा १७१०मध्ये हॉलंडला जाऊन विकत आणलेल्या. म्हणजे मुद्रकांना हवा होता तो कलावंत नव्हे; परदेशी माल थांबवणारा भरवशाचा घरचा पुरवठादार हवा होता. कॅझलनच्या अक्षराकडे पाहताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

पहिलं मोठं काम मात्र इंग्रजी अक्षरांचं नव्हतंच. ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळी म्हणजे एसपीसीके या संस्थेला १७२०मध्ये पॅलेस्टाइन, सीरिया भागातल्या ख्रिस्ती लोकांसाठी अरबीत स्तोत्रसंहिता आणि नवा करार छापायचा होता. अरबी खिळे कोरायचं काम कॅझलनकडे आलं. स्तोत्रसंहिता १७२५मध्ये आणि नवा करार १७२७मध्ये निघाला. ज्याला ती भाषा वाचता येत नव्हती, त्याने तिची जोडाक्षरं आणि मात्रा नीट बसवल्या. सांगतात असं, की अरबी नमुन्याच्या कागदाखाली त्याने स्वतःचं नाव रोमन लिपीत, पायका आकारात कोरून उमटवलं, आणि ते पाहणाऱ्यांना अरबीपेक्षा ते नावच अधिक आवडलं. गोष्ट नंतर रंगवलेली असू शकते. पण तिच्या मागोमाग त्याने पायका रोमन आणि इटॅलिकचा पूर्ण संच कोरला, आणि बोयरने छापलेल्या जॉन सेल्डनच्या ग्रंथसंग्रहात, १७२६मध्ये, ही अक्षरं लोकांसमोर आली.

ओतशाळा आधी हेल्मेट रो, मग आयर्नमाँगर रो, आणि १७३७मध्ये चिझवेल स्ट्रीट अशी हलत गेली. चिझवेल स्ट्रीटवर ती पुढे जवळजवळ दोनशे वर्षं राहिली. त्याआधी १७३४मध्ये कॅझलनने आपला पहिला मोठा नमुनापत्रक-तक्ता काढला. एका मोठ्या कागदावर अडतीस प्रकारचे खिळे. आणि त्यातले दोन-तीन सोडले तर सगळे त्याने स्वतःच्या हाताने कोरलेले. हे किती काम आहे याची कल्पना यायची, तर खिळा कसा होतो ते पाहावं लागेल.

मऊ पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. आतली पोकळी काढायला वेगळा ठसा ठोकायचा, बाहेरचा घाट कानशीने घासून आणायचा. मेणबत्तीच्या काजळीवर धरून कागदावर उमटवून पाहायचं, पुन्हा घासायचं. मनासारखं उतरलं की पोलाद तापवून, विझवून कडक करायचं. हा झाला पंच. पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की मॅट्रिक्स. मॅट्रिक्स हातसाच्यात बसवून शिसं, अँटिमनी आणि कथिलाचा रस ओतला की खिळा. एका आकाराच्या संचाला रोमन, इटॅलिक, आकडे, विरामचिन्हं, जोडखिळे धरून शंभरावर पंच लागतात, आणि दुसऱ्या आकारासाठी ते सगळे पुन्हा पहिल्यापासून. आजच्यासारखं एकच चित्र लहान-मोठं करता येत नसे.

खिळे झिजतात, झिजले की वितळवून पुन्हा पाडतात. मॅट्रिक्सही कधीतरी खराब होते. पंच मात्र कोरडे आणि तेल लावून ठेवले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. टाइप फाउंड्रीची खरी पुंजी तिच्या कपाटात असते, दुकानात नाही. कॅझलन घराण्याच्या पुढच्या सगळ्या कथेला, भांडणांसकट, हे कपाट धरून चाललं म्हणजे अर्थ लागतो.

आता अक्षराकडे वळू. कॅझलनच्या डोळ्यांसमोर नमुने होते ते सतराव्या शतकातले डच. ख्रिस्टोफेल फान डाइकच्या परंपरेतले. मुद्रणाच्या भाषेत ‘ओल्ड स्टाइल’ म्हणतात, त्या जुन्या वळणाचे. या वळणात रुंद टोकाच्या लेखणीची आठवण शिल्लक असते. ‘ओ’ गोल असला तरी त्याच्या जाडीचा अक्ष उभा नसतो, किंचित डावीकडे कललेला असतो. (आपल्या बोरूची काप वेगळी, म्हणून देवनागरीत जाडीचा कल नेमका उलट्या दिशेला दिसतो.) जाड आणि बारीक रेषांत फरक असतो, पण डोळ्यांवर येईल इतका नाही. दांड्याच्या टोकाला जो सेरिफ असतो, तो काटकोनात चिकटवलेल्या पट्टीसारखा नसून दांड्यातूनच वळसा घेऊन निघतो. आकडे सगळे एका उंचीचे नसतात. काही ओळीखाली उतरतात, काही वर चढतात, त्यामुळे मजकुरात साल आलं तरी ते ओरडत नाही.

ही झाली सगळ्याच जुन्या वळणाची लक्षणं. कॅझलनची म्हणून ओळखायच्या खुणा निराळ्या. मोठ्या ‘ए’चं शिखर डावीकडून खरवडल्यासारखं पोकळ, मोठ्या ‘सी’ला वर आणि खाली, दोन्ही टोकांना काटे, मोठी अक्षरं लहान अक्षरांच्या मानाने थोडी वजनदार, ‘क्यू’ची शेपटी ऐसपैस. इटॅलिकमध्ये तर मोठ्या अक्षरांचा कलसुद्धा एकसारखा नाही, ‘ए’ आणि ‘व्ही’ आपापल्या मर्जीने झुकलेले. ‘आणि’ या अर्थाचं जे जोडचिन्ह इंग्रजीत वापरतात, त्याचं कॅझलन इटॅलिकमधलं रूप इतकं झोकदार, की पुढे लोकांनी ते दुकानांच्या पाट्यांवर आणि पुस्तकांच्या नामपानांवर एकटंच मिरवलं.

एकेक अक्षर भिंगाखाली धरलं तर त्यात कुरूपता शोधणं अवघड नाही. ‘ए’चं पोट लहान, काही वक्र जरा दबलेले, दोन शेजारी अक्षरं एकाच मापात न बसणारी. अमेरिकन मुद्रणइतिहासकार डॅनिएल बर्कली अपडाइक यांनी १९२२च्या आपल्या मोठ्या ग्रंथात हे मान्य करूनच कॅझलनची बाजू घेतली. त्यांचा मुद्दा असा, की या अक्षरांचं सौंदर्य एकेकट्यात नसून त्यांच्या समूहात आहे. वारीच्या दिंडीत एकेक टाळकरी वेगळा काढून ऐकला तर सूर कुठे-कुठे सुटलेला सापडेल. दिंडी ऐकणाऱ्याला तो सापडत नाही. कॅझलनमध्ये जुळवलेलं पान सलग वाचावं. डोळा कुठे अडत नाही, आणि पन्नासाव्या पानावरही थकत नाही.

माझ्या मते हे कोरक्याच्या हाताचं देणं आहे. कॅझलन विद्वान नव्हता, सुलेखनकार नव्हता, भूमितीने अक्षर बांधायचा त्याने प्रयत्न केला नाही. धातूवर काम करणाऱ्याची नजर त्याला होती: पोलादाच्या एवढ्याशा टोकावर काय टिकेल, जाडसर ओलसर कागदावर शाई पसरली तर काय बुजेल. म्हणून त्याचे लहान आकार मोठ्यांची लघुरूपं नाहीत. सहा-आठ पॉइंटांच्या आसपासच्या अक्षरांत पोट उघडं, रेषा दणकट; मोठ्या शीर्षकांच्या आकारात नाजूक रेषा आणि ठसठशीत जाडी. ‘कॅझलन’ या नावाखाली मुळात एक अक्षर नाही, अनेक अक्षरांचं कुटुंब आहे, हे आज संगणकावर एका फाइलीत ते शोधणाऱ्यांना माहीत नसतं.

या अक्षराच्या सवयीचा सगळ्यात मार्मिक पुरावा बेंजामिन फ्रँकलिनने दिला आहे. फ्रँकलिन तरुणपणी, १७२५-२६च्या सुमारास, लंडनला ज्या छापखान्यांत काम करत होता त्यांत जॉन वॉट्सचाही होता; म्हणजे कॅझलनला पैसे देणाऱ्यांपैकी एकाचा. पुढे बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने आपली नवी, चकचकीत, बारीक रेषांची अक्षरं आणली, तेव्हा फ्रँकलिन त्याचा चाहता झाला. १७६०मध्ये त्याने बास्करव्हिलला पत्रातून एक गंमत कळवली. कोणी एक जाणकार गृहस्थ सांगत होते, की बास्करव्हिलच्या अक्षरांनी सगळ्या देशाचे डोळे जातील, त्याच्या रेषा फार बारीक आहेत. फ्रँकलिनने आतल्या खोलीतून कॅझलनच्या नमुन्याचा कागद आणला, वरचं नाव फाडलं आणि ‘हा घ्या बास्करव्हिल, दोष दाखवा’ म्हणून पुढे केला. गृहस्थांनी एकेक आकार घेऊन दोष दाखवले, वाचताना डोळे दुखतात म्हणाले. आयुष्यभर ते हीच अक्षरं वाचत आले होते. फ्रँकलिनने त्यांची फजिती तिथे केली नाही. बास्करव्हिलची बाजू घेण्यासाठी सांगितलेली ही गोष्ट, पण तिच्यातून कॅझलनची जागा कळते. त्याचं अक्षर इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते कुणाला दिसतच नव्हतं.

चिझवेल स्ट्रीटच्या घरात एक ऑर्गन होता. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळच्या गुरुवारी, कॅझलनकडे संगीताची बैठक होई. चांदण्यात पाहुण्यांना घरी परतायला सोपं जावं म्हणून तो दिवस. यावरून मंडळी स्वतःला थट्टेने ‘ल्युनॅटिक्स’, म्हणजे चंद्रवेडे, म्हणवत. कॅझलनने घरी बनवलेली एल बिअर असायची. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या सर जॉन हॉकिन्स यांनी हे नोंदवून ठेवलं आहे, नाहीतर ओतशाळेच्या हिशेबात याची नोंद कुठे राहणार?

त्याच घरातली दुसरी गोष्ट इतकी सुरेल नाही. पंच कोरण्याची कला हे घराण्याचं गुपित होतं. बाप आणि मुलगा, म्हणजे विल्यम दुसरा, दार लावून आत कोरत बसत. कामगारांना फक्त ओतकाम आणि घासकाम. जोसेफ जॅक्सन नावाच्या उमेदवाराने लाकडी भिंतीला भोक पाडून आतलं काम चोरून पाहिलं आणि स्वतः एक पंच कोरून मालकाला नेऊन दाखवला. शाबासकीऐवजी त्याला तडाखा मिळाला आणि पुन्हा असं केलंस तर तुरुंगात पाठवीन अशी धमकी. १७५७मध्ये मजुरीच्या दरावरून कामगारांनी गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा जॅक्सन आणि थॉमस कॉटरेल हे पुढारी ठरवून त्यांना काढून टाकण्यात आलं. दोघांनी मिळून आपली ओतशाळा काढली.

जॅक्सनची आठवण आपल्याला आणखी एका कारणाने ठेवायला हवी. पुढे स्वतःच्या फाउंड्रीत त्याने ईस्ट इंडिया कंपनीतल्या कॅप्टन विल्यम कर्कपॅट्रिक यांच्यासाठी देवनागरीचे खिळे कोरले. त्या भोकातून शिकलेली कला देवनागरीपर्यंत पोहोचली. मराठी मुद्रणाचा रस्ता मात्र या खिळ्यांवरून गेला नाही. तो सेरामपूरच्या मिशनवरून, मग मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यावरून आला. त्या छापखान्यात हात बसलेल्या जावजी दादाजींनी पुढे ‘निर्णयसागर’ उभा केला. पण जॅक्सन वारल्यावर त्याची फाउंड्री विकत घेतली ती एका कॅझलननेच. कशी, ते आता सांगायचं आहे.

पहिला विल्यम १७६६च्या जानेवारीत वारला. त्याआधी, १७६३मध्ये, बापलेकांनी नमुन्यांचं पहिलं पुस्तक काढलं होतं. मालाला मागणी होती ती इंग्लंडइतकीच समुद्रापलीकडे. ४ जुलै १७७६च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅपने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा घाईघाईने छापला, तो कॅझलनच्या खिळ्यांनी. राजाविरुद्धचं बंड लंडनच्या शिशाने उमटलं. आणि लंडनचा तिसरा कॅझलन, म्हणजे पहिल्या विल्यमचा नातू, आपल्या नमुनापुस्तकावर ‘राजेसाहेबांचा खिळेकार’ असं अभिमानाने छापत राहिला.

दुसरा विल्यम १७७८मध्ये गेला आणि कारभार आला त्याच्या बायकोकडे, एलिझाबेथकडे. धंद्याचे बारकावे तिला नवऱ्याच्या हयातीतच ठाऊक झाले होते. ती १७९५पर्यंत होती. तिचा मुलगा विल्यम तिसरा याला मात्र घरच्या मंडळींशी भागीदारी नकोशी झाली. १७९२मध्ये त्याने आपला हिस्सा आईला आणि भावजयीला विकला आणि त्याच वर्षी दिवंगत जॅक्सनची फाउंड्री घेतली. एका घराण्याच्या दोन ओतशाळा झाल्या, आणि दुसरीतली पुंजी त्या हाकलून दिलेल्या उमेदवाराची. भावजय म्हणजे हेन्री कॅझलनची विधवा. तिचंही नाव एलिझाबेथ. आजीसासू, सासू, सुना अशा नात्यांच्या आणि दाव्यांच्या गुंत्यात चिझवेल स्ट्रीटची किंमत इतकी घसरली, की १७९९मध्ये कोर्टामार्फत झालेल्या लिलावात ही सगळी फाउंड्री ५२० पौंडांत सुटली. बोली हेन्रीच्या या विधवेनेच जिंकली.

किंमत घसरायला घरची भांडणंच कारण नव्हती. लोकांची आवड बदलली होती. फ्रान्समध्ये दिदो आणि इटलीत बोडोनी यांनी उभ्या अक्षाची, केसासारख्या बारीक रेषांची अक्षरं आणली होती. कागद गुळगुळीत झाला होता, छापणी सुधारली होती. जुनं वळण गावंढळ वाटू लागलं. एलिझाबेथने व्यवहार पाहिला आणि नव्या धर्तीचे पंच कोरून घेतले. तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. कारखाना चालायचा तर ग्राहक मागेल ते द्यावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आजोबांची अक्षरं नमुनापुस्तकांतून नाहीशी झाली.

वेगळ्या झालेल्या शाखेत, तिसऱ्याचा मुलगा विल्यम चौथा याने १८१६मध्ये एक विचित्र गोष्ट केली. फक्त मोठ्या अक्षरांचा, सेरिफ अजिबात नसलेला एक खिळा त्याने आपल्या नमुनापुस्तकात एका ओळीत छापला. सेरिफविना अक्षराचा हा पहिला छपाईचा खिळा. जगभरच्या पाट्या, फॉर्म, मोबाइलचे पडदे आज ज्या प्रकारच्या अक्षरांनी भरले आहेत, त्यांचा मूळपुरुष जुन्या वळणाच्या पुरस्कर्त्याच्याच पणतवाने आणला. त्याचं पुढची काही वर्षं कुणी काही केलं नाही. १८१९मध्ये विल्यम चौथ्याने फाउंड्री शेफील्डच्या ब्लेक, गार्नेट आणि कंपनीला विकली. तीच पुढे स्टीफन्सन ब्लेक म्हणून इंग्लंडमधली मोठी टाइप फाउंड्री झाली.

चिझवेल स्ट्रीटच्या कपाटात मात्र जुने पंच आणि मॅट्रिक्स पडून होते. कुणी भंगारात काढले नाहीत. का, याचं उत्तर कुठल्या ठरावात नसावं. पोलाद जागा थोडी घेतं आणि आजोबांची वस्तू फेकवत नाही. १८४०च्या दशकात लंडनच्या चिझिक प्रेसचा चार्ल्स व्हिटिंगहॅम आणि प्रकाशक विल्यम पिकरिंग यांना जुन्या धाटणीची पुस्तकं काढायची होती, तेव्हा व्हिटिंगहॅमने कॅझलनकडे जाऊन जुनी अक्षरं पाडून मागितली. १८४४मध्ये ‘लेडी विलोबीची डायरी’ निघाली. सतराव्या शतकातल्या एका बाईची रोजनिशी म्हणून रचलेलं हे नवं पुस्तक, त्या काळाचं वाटावं म्हणून कॅझलनमध्ये छापलेलं. वाचकांना ते भलतंच आवडलं. जुनं दिसण्यासाठी मागवलेलं अक्षर वाचायलाही बरं आहे, हे मुद्रकांना मग हळूहळू कळलं. एडिंबराच्या मिलर अँड रिचर्ड या फाउंड्रीने १८६०मध्ये त्याचीच नीटनेटकी, घासूनपुसून सरळ केलेली आवृत्ती ‘ओल्ड स्टाइल’ या नावाने काढली आणि ती खूप खपली. मला ती कधी भावली नाही. सगळे कंगोरे काढल्यावर जे उरतं ते कॅझलन नसतं.

घराण्यातला शेवटचा पुरुष हेन्री विल्यम कॅझलन १८७४मध्ये निवर्तला. कारखाना टॉमस व्हाइट स्मिथ या व्यवस्थापकाने सांभाळला. त्याने ‘कॅझलन्स सर्क्युलर’ हे व्यापारी पत्रक सुरू केलं, यंत्रं आणली, मालकी घेतली. १८९६मध्ये त्याच्या मुलांनी कायदेशीररीत्या कॅझलन हे आडनाव घेतलं. रक्ताचं नातं नव्हतं; पण नाव विकायचं होतं आणि ते नाव दारावर असणं गरजेचं होतं. १९२०मध्ये फाउंड्रीने दोनशे वर्षांचा इतिहास छापून काढला तेव्हा तो या दत्तक कॅझलनांनी काढला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘काही सुचत नसेल तर कॅझलन लाव’ ही इंग्रजी मुद्रकांची म्हण झाली होती. तिच्यात आळसही आहे आणि विश्वासही. जाहिरात, लग्नपत्रिका, प्रवचन, कंपनीचं भागपत्र, कवितासंग्रह, कशालाही ते चाले. फिलाडेल्फियातल्या एका फाउंड्रीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मूळ खिळ्यांवरून अमेरिकेत ते पाडायला घेतलं होतं. जॉर्ज बर्नार्ड शॉ, ज्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, तो आपल्या पुस्तकांबाबत हट्टी होता. एडिंबराच्या आर. अँड आर. क्लार्क छापखान्याला त्याची ताकीद असे: अक्षर कॅझलन, हाताने जुळवलेलं, ओळींमध्ये जादा शिसपट्टी नको. जोर द्यायचा शब्द इटॅलिकमध्ये नाही, तर अक्षरांत अंतर टाकून. ओळी एकमेकींना लागून आल्या तरी पान कोंदट वाटत नाही, ही कॅझलनची ताकद त्याने बरोबर ओळखली होती. मोनोटाइप यंत्राने जुळवणी होऊ लागली तरी तो बरीच वर्षं हातजुळणीवर अडून राहिला. शेवटी छापखान्याच्या विल्यम मॅक्सवेल यांनी त्याला वळवलं, आणि १९३०नंतरच्या त्याच्या संग्रहित आवृत्तीचं अक्षर ‘फूर्निए’ झालं.

यंत्रांनी कॅझलनला मारलं नाही. मोनोटाइपने १९१५मध्ये आपली आवृत्ती आणलीच होती. मारलं ते फाउंड्रीला. खिळे विकत घेणारा छापखानेवाला आता यंत्र घेऊन स्वतःच अक्षर ओतत होता. १९३७मध्ये चिझवेल स्ट्रीटची एच. डब्ल्यू. कॅझलन आणि कंपनी बंद झाली आणि तिची सामग्री गेली शेफील्डला, स्टीफन्सन ब्लेककडे. १७९२मध्ये भांडून वेगळी झालेली शाखा १८१९मध्ये जिथे पोहोचली होती, तिथेच. भाऊबंदकी मिटली ती परक्यांच्या गोदामात. स्टीफन्सन ब्लेकनेही पुढे खिळे पाडणं थांबवलं, आणि १९९६मध्ये त्यांचा मोठा साठा लंडनच्या टाइप म्यूझियमकडे आला.

संगणकावरची कॅझलनं बरीच आहेत आणि एकमेकांशी त्यांचं फारसं पटत नाही, कारण प्रत्येकाने कुटुंबातला वेगळा माणूस निवडला. कॅरल टूम्ब्ली यांनी १९९०मध्ये अडोबीसाठी केलेलं कॅझलन मजकुराच्या मधल्या आकारांवर बेतलेलं, शांत, विश्वासू. इंग्रजी पुस्तकाच्या आतल्या पानांना मी तेच सुचवतो. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या लांबलचक लेखांचं अक्षर कॅझलनच आहे. जस्टिन हाउज यांनी १९९८मध्ये वेगळी वाट धरली: एकेका जुन्या आकाराची छापलेली पानं घेऊन, शाई पसरल्याच्या ओबडधोबड कडांसकट, प्रत्येक आकाराचा स्वतंत्र फाँट केला. तो वापरायला कटकटीचा आहे, पण चिझवेल स्ट्रीटवर काय होतं ते त्यातूनच सगळ्यात खरं दिसतं.

कुठे वापरू नये, हेही सांगायला हवं. आकड्यांचे तक्ते, दरपत्रकं, रेल्वेची वेळापत्रकं यांत जुन्या वळणाचे वरखाली होणारे आकडे रांगा मोडतात. पडद्यावर लहान आकारात बारीक सेरिफ तुटतात. आणि मॅथ्यू कार्टर यांचं १९९४मधलं ‘बिग कॅझलन’ तर मुळातच मोठ्या शीर्षकांसाठी आहे, जुन्या सगळ्यात मोठ्या आकारांवरून घेतलेलं. ॲपलच्या संगणकांत ते आयतंच असतं, म्हणून लोक त्यात नऊ पॉइंटात अर्ज आणि आभारपत्रं छापतात. अठरा पॉइंटांच्या खाली ते नेऊ नये. बारीक रेषा उमटतच नाहीत, आणि ‘ई’चा आडवा दांडा गायब झालेली पत्रं लोकांच्या हातात पडतात.